गळा आणि गोवर

"कोंडे, तू ऐक. रंगे, तू म्हण."

आई जाऊन कितीतरी पावसाळे लोटले, तिच्या झोपडीच्या जागी आता सागाचं रान उठलं, पण हे वाक्य कोंडीच्या कानातून गेलं नाही.

आई धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नाला भट लागत नाही, धवलेरी लागते. बाई असते, पोथी नसते, सगळं गळ्यात असतं. भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहायचा, धवलेरीनं गाणं धरायचं, गात गात देवीला चौकात आणून बसवायचं आणि मग तिच्यासमोर नवरा-नवरी उभी करायची. पोशेऱ्याच्या अंगानं जितके पाडे, तितक्या पाड्यांवरची लग्नं आईनं लावलेली.

त्या दिवशी दोघी पोरी ओसरीवर नागली निवडत होत्या. एक तिची स्वतःची, कोंडी. दुसरी शेजारची, रंगू. आईनं गाणं सांगितलं. कोंडीनं ते पहिल्या फटक्यात उचललं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. रंगू अडखळली, दोन ओळी विसरली, विसरलेल्या ठिकाणी नुसतीच आ करून सूर लांबवला. आईचा सुपातला हात थांबला. तिनं डोळे मिटले. मग हे वाक्य बोलली. रागानं नाही, एकीला पाण्याला धाडावं आणि दुसरीला चुलीपाशी बसवावं, इतक्या साधेपणानं.

तेव्हापासून रंगू म्हणत आली आणि कोंडी ऐकत आली.

हेवा म्हणजे करवंदीचा काटा. पायात मोडला की वर कातडी धरते. सपाटीवर चालताना त्याची आठवणही नसते. चढ लागला की ठुसठुसतो. आणि कोंडीच्या वाटेला सगळे चढच.

कोंडी पुढे आशा कार्यकर्ती झाली. शाळा शिकलेली, पाठांतर पक्कं, पाय दणकट. पाड्यापाड्यावर हिंडायचं, पोटुशी बाई कुठं, ताप कुणाला, कुणाच्या पोराची लस राहिली हे बघायचं आणि दवाखान्यातल्या ममता सिस्टरांना कळवायचं. सुई सिस्टर टोचणार, पण सुईपर्यंत पोर आणणं कोंडीचं काम. ते काम डोंगर चढण्याहून अवघड. दारात आशाची साडी दिसली की बाया पोरं घेऊन मागच्या दारानं रानात.

म्हणून तिनं एक गाणं रचलं. जात्यावरच्या चालीवर, चुलीपुढं बसून, स्वतःशीच:

वाऱ्यावरनं येतो गोवर, नाही त्याला पाय,
टोचलेल्या बाळापाशी त्याचं चालतंय काय?

अंगणवाडीत तिनं ते बायांना म्हणून दाखवलं. बाया गालातल्या गालात हसल्या. एकीनं जांभई दिली. "बेस आहे गं," म्हणाल्या आणि खिचडीचे डबे उचलून निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात रंगू डोक्यावर हंडा घेऊन झऱ्यावरून वर येत होती आणि येता येता सहज तेच गुणगुणत होती. तिनं 'वाऱ्यावरनं' मधला 'वा' असा काही लांबवला की पानं हलल्यासारखं वाटलं. मागच्या बायांनी उचललं. दिवाळीला ते टेकडीपलीकडे गेलं. होळीला बाया फेर धरून ते म्हणायला लागल्या.

"कोंडीबाय," विहिरीवर एक जण म्हणाली, "रंगूचं नवं गाणं ऐकलंस का? तुझ्याच कामाचं आहे बघ! शिकून घे तिच्याकडून."

"घेते ना," कोंडी म्हणाली.

"पण तुला चाल जमायची नाय हां."

सगळ्या हसल्या. कोंडीही हसली. पोहरा खाली सोडताना मात्र तिनं दोर इतक्या जोरात सोडला की पोहरा काठावर आपटून चेपला.

"का गं, रंगूवर जळतेस का काय?" कुणी तरी विचारलं.

"मी कशाला जळू?" कोंडी म्हणाली. हे वाक्यही तिला तोंडपाठ होतं.

*

वैशाख लागला. तळाला गेलेल्या विहिरी आणि लग्नं, दोन्ही एकदमच येतात. वीटभट्टीवर गेलेली माणसं पोरंबाळं, भांडीकुंडी जीपच्या टपावर लादून परत येत होती. दवाखान्यातल्या बैठकीत ममता सिस्टर म्हणाल्या, "भट्टीवरच्या पोरांत गोवर निघालाय. परत आलेल्या प्रत्येक घरी जा. ताप आणि अंगावर पुरळ दिसलं की त्या पोराला गर्दीत जाऊ द्यायचं नाही. खोकल्यातनं हवेत उडतो तो. एका मांडवात एक पोर आजारी असलं तर लस न घेतलेली सगळी आजारी पडतील. कुपोषित पोराला गोवर झेपत नाही, कोंडीताई, तुम्हाला माहीतच आहे."

कोंडीला माहीत होतं. मोठा मांडव कुठं पडलाय हेही माहीत होतं: बुधाकडे. बुधाच्या पोराचं लग्न म्हणजे सहा पाड्यांचं जेवण. आणि मांडवात गाणार कोण, तर रंगू. तीही भट्टीवरून नुकतीच आलेली. तिचा नवरा, लहान्या, विटा भाजायला मागे राहिला होता. रंगू तेवढी लग्नांसाठी लवकर परतली होती, पोटाशी माघ्याला बांधून. गेल्या वर्षीच्या माघातलं पोर. भट्टीवर गेले तेव्हा लशीच्या वयाला आलं होतं. लस राहिली ती राहिलीच.

लग्नाच्या दिवशी ऊन कलायला लागलं तेव्हा कोंडी रंगूच्या कुडाच्या घरापाशी पोचली. हाक मारली नाही. दारातूनच दिसलं.

माघ्या झोळीत होता. डोळे लाल, पाणावलेले, नाकातून शेंबडाची धार, आणि खोकला असा की एवढ्याशा छातीत कुणी ढोल बडवतंय. कोंडी आत गेली, झोळीवर वाकली, कानामागचं जावळ बाजूला केलं. तिथं लाल पुरळ फुललं होतं. गालावर उतरायला लागलं होतं.

आणि कोंडीला बरं वाटलं.

अगदी क्षणभरच. उन्हातून आल्यावर गार पाण्याचा तांब्या ओठाला लागावा तसं. 'आता हिला मांडवात जाता यायचं नाही,' असं तिच्या मनात आलं. दुसऱ्याच क्षणी पोर खोकलं आणि तिचा हात चटका बसल्यासारखा मागे आला.

"काय बघतेस?" मागून रंगूचा आवाज आला. ती नवं लुगडं नेसून तयार होती. केसांत तेल होतं, कपाळावर टिळा होता.

"रंगे, गोवर आहे त्याला."

"उष्णता आहे. जीपमधी धूळ लागली."

"कानामागं बघ."

"बघितलंय." रंगूनं झोळीतून पोर उचलून खांद्याला लावलं. "उतरेल. बुधाभाऊ येतोय न्यायला."

"हे पोर मांडवात नेऊ नको. तिथं सहा पाड्यांची पोरं असतील. अर्ध्यांची लस राहिलीय."

रंगूनं तिच्याकडे बघितलं.

"कोंडे, बरोबर आजच्या दिवशीच तुला हे दिसलं का गं?"

कोंडीनं झोळीची दोरी उगाच सरळ केली. त्या गार घोटाची चव अजून तिच्या जिभेवर होती.

एवढ्यात बुधाची मोटारसायकल चढ चढून आली. मागोमाग त्याची डोकरी आई आणि चार बाया पायवाटेनं वर आल्या. धवलेरीला रिकाम्या हातानं न्यायचं नसतं. डोकरीच्या हातात ताडीची लोटी आणि नवी कोरी चोळी होती.

"चल रंगूबाय," बुधा म्हणाला. "चौक लिहून झालाय. पोरी ओठाला रंग लावून लावून कंटाळल्या. त्या जव्हारच्या डीजेवाल्याला मी दटावून बसवलाय. म्हटलं, आधी देवी येईल, मग तुझा ढिच्यांग."

"कोंडी नको म्हणते," रंगू म्हणाली.

"कोंडी?" बुधा वळला. "तुझं काय मधी?"

कोंडीनं सांगितलं. ताप, पुरळ, भट्टी, खोकल्यातून उडणारा रोग. ती बोलत होती आणि शब्द अचूक येत होते, सगळे, एक इकडचा तिकडे नाही, आणि समोरचे चेहरे कोरडेच राहत होते.

"अगं, देवी आलीय पोराच्या अंगात," डोकरी कौतुकानं म्हणाली आणि तिनं माघ्याच्या पायाला हात लावून कपाळाला नेला. "देवी आलेलं पोर मांडवात यावं, शकून असतो. आपल्या पायानं आली ती. नव्या सुनेच्या मांडीवर बसवू त्याला."

"मांडीवर नको गं आजी! तिथं सगळी पोरं सुनेभोवती असतील."

"म्हणजे देवीला दार लावू?"

मागची एक बाई दुसरीच्या कानाशी लागली, पण सगळ्यांना ऐकू येईल अशी: "लहानपणापासनं जळते ती. आज सापडलं निमित्त."

"सोड की," दुसरी म्हणाली. "तिच्या आयुसनं तिला गाणं दिलं नाय, त्याचा हा ताप. पोराचा कुठला?"

हसू फुटलं. कोंडीचे कान तापले. पण ती दारातून हलली नाही.

"बुधाभाऊ, माझं नको ऐकू. सिस्टरांचं ऐकशील का?"

ती धावत घरामागच्या खडकावर गेली. पाड्यावर फोन लागतो तो तिथंच, तोही एक हात वर केला तर. फोन लागला. तिनं स्पीकर लावला आणि हात तसाच वर धरून मागोमाग आलेल्या बुधाला आणि बायांना ऐकवला. ममता सिस्टरांचा आवाज तुटक तुटक येत होता, पण येत होता: पोराला घरातच ठेवा, दवाखान्याची गाडी घेऊन मी निघते, लशीचा डबा आणते, मांडवातली सगळी पोरं मला तिथंच मिळाली तर एकेकाला टोचते, पण तोवर आजारी पोर तिथं येता कामा नये. बुधाच्या पाड्यावर मागे एका घरात गोवरानं पोर गेलं होतं. बुधानं त्याच्यावर माती लोटली होती. त्यानं मान खाली घातली.

"मग लग्न?" तो म्हणाला. "मांडव पडलाय. भात चढलाय. धवलेरी नाय म्हणजे देवी नाय. दुसरी आहे ती दाभोशाच्या अंगाला, ती आज तिकडंच अडकलीय."

बाया डोकरीकडे बघायला लागल्या. कुठंतरी कोंबडा अवेळी आरवला.

मग डोकरीनंच तोंड उघडलं. तिनं डोळे बारीक केले, कोंडीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ही आहे की. हिला सगळे शब्द येतात. लहानपणी मी ऐकलंय, रंगू विसरली की ही मागनं सांगायची. गळा नसेना का. देवीला शब्द पुरतात."

"हां," बुधा हुरळून म्हणाला. "कोंडीबाय, तू गाशील?"

किती वर्षं! किती वर्षं कोंडी मांडवाच्या कडेला बसून ओठ न हलवता सगळं म्हणत आली होती. आणि आता खुद्द वरबापच विचारत होता. तिला फक्त मान हलवायची होती. पुढे लोटी धरलेली होती. कोरी चोळी समोर होती. कारण तर लाखमोलाचं होतं, कुणी बोट ठेवू शकलं नसतं: पोर आजारी, आईनं घरी राहावं. सिस्टरांनीही शाबासकी दिली असती.

तिनं रंगूकडे बघितलं. रंगू पोराला थोपटत होती, पण तिचा हात लयीत पडत नव्हता. जन्मात पहिल्यांदा रंगूचा ताल चुकत होता. तिच्या डोळ्यांत एकच होतं: आता कळलं मला, तू कशासाठी आलीस ते.

आणि तेवढ्यात कोंडीला आणखी एक दिसलं. बुधाच्या मांडवात सिस्टर डबा उघडून बसल्या आहेत, आणि बाया पोरं पाठीशी लपवून मागच्या मागे सरकताहेत, नेहमीसारख्या. चौकापुढं कोंडी उभी राहून सांगते आहे, "पोरं आणा गं," आणि त्या जांभया देताहेत. आणि तिथं रंगू असती तर? रंगूनं गाता गाता मान वळवून नुसतं म्हटलं असतं, "आणा गं पोरं," तर बायांनी शेजाऱ्यांचीही पोरं उचलून आणली असती.

हे तिला नको होतं दिसायला. पण दिसलं.

"मी नाय गाणार," कोंडी म्हणाली. "रंगूच गाईल."

"पण पोर—"

"पोर जाणार नाय. रंगू जाईल." तिचा आवाज चिरका झाला होता, तिनं तो तसाच पुढे रेटला. "आम्हा दोघींना गोवर होऊन गेलाय. एकाच साली, एकाच झोपडीत. एकदा झाला की पुन्हा होत नाय. रंगूनं आंघोळ करायची, लुगडं बदलायचं, हात घासून धुवायचे आणि जायचं. पोराजवळ मी बसते. मला काही होत नाय."

"तू?" रंगू म्हणाली.

"मी. औषध आहे माझ्या पिशवीत तापाचं. पेज देईन, उकळून गार केलेलं पाणी देईन. सिस्टर आधी इथं येऊन त्याला बघून मग मांडवात येतील." ती थांबली. पुढचं बोलणं सगळ्यात जड होतं. "आणि रंगे, तिथं गेलीस की देवी बसल्यावर बायांना सांग. पोरं सिस्टरांपुढं आणा म्हणावं. मी सांगितलं तर येत नाय कुणी. तू सांगितलंस तर येतील. ते गाणं आहे ना तुझं, गोवराचं, ते म्हण."

'तुझं' म्हणताना तिनं पिशवीतली औषधाची बाटली शोधायला घेतली.

बुधानं सुटकेचा श्वास टाकला. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. डोकरी पुटपुटली, "देवी घरात राहिली तरी देवीच," आणि तिनं चोळी रंगूच्या हातात दिली.

रंगू आत जाऊन आंघोळ करून दुसरं लुगडं नेसून आली. बुधानं मोटारसायकल सुरू केली. बाया पायवाटेला लागल्या. पोर आता कोंडीच्या मांडीवर होतं, तव्यासारखं तापलेलं, तिच्या साडीला नाक पुसत कण्हत होतं. रंगू उंबऱ्याबाहेर अंगणात उभी राहिली. पुढे जाईना.

"बुधाभाऊ, तू उताराला थांब," ती म्हणाली. "मी आले."

मोटारसायकलचा आवाज खाली गेला. अंगणात दोघीच उरल्या.

"कोंडे," रंगू म्हणाली, "लोक काय म्हणतात ते मी कधी कानावर घेतलं नाय. पण आज माझं पोर तुझ्या मांडीवर आहे. मी तिथं देवीला हाक मारणार. मनात किंतू असला तर ती येणार नाय. खरं सांग. तू जळतेस माझ्यावर?"

मी कशाला जळू? तोंडपाठ होतं. ओठापर्यंत आलंही. कोंडीनं पोराच्या कपाळावरचा ओला फडका उचलला, उलटा करून पुन्हा ठेवला.

"हो," ती म्हणाली.

रंगू एक पाऊल उंबऱ्याकडे आली.

"जळते. पोरीच्या वयापासनं. तू गायला लागलीस की मला बसवत नाय आणि उठवतही नाय. मघाशी माघ्याचं पुरळ बघितलं ना, तेव्हा आधी मला बरं वाटलं, रंगे. भीती मागनं आली. आणि बुधानं विचारलं तेव्हा पहिली ओळ माझ्या तोंडात तयार होती. हे सगळं खरं आहे. ऐकून घे आणि पोर न्यायचं तर ने, दुसऱ्या कुणाजवळ दे. पण गोवरही खरा आहे. आणि हेवा मला तुझ्या गळ्याचा आहे, तुझ्या पोराचा नाय."

रंगूनं उंबऱ्याबाहेरूनच माघ्याकडे बघितलं, "पेज पातळ दे त्याला," म्हणाली आणि उताराला लागली.